अर्धी कमान

“ही कमान मधनंच तुटलीया की रं,” मी म्हणालो.

सुहास कुंभारनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला होता. तो त्यानं गडबडीनं परत स्वतःकडं फिरवला. “ते तुमचं न्हवं शेट. तुमच्या बंधूंचं हाय. चुकून उघडलं.”

“उघडलंय तर दाव.”

“आण्णाशेट रागावतील.”

“आण्णा माझ्याशी बोलत न्हाय. रागवायला तरी त्याला बोलावं लागंल. दाव.”

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. विट्याच्या एसटी स्टँडमागं सुहासचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या शेडमधली एक खोली, त्यात एक पंखा आणि तालुक्यातला पहिला रंगीत प्रिंटर. घर बांधायच्या आधीच ते बांधून झाल्यावर कसं दिसेल याचं चित्र तो काढून द्यायचा. त्याला तो एलिव्हेशन म्हणायचा, आम्ही इलिवेशन म्हणायचो. दारात गाडी, गाडीजवळ बाई, बाईजवळ पोरगं, मागं निळं आभाळ, सगळं असायचं त्यात. आमच्या भागात घराचं आत काय का असेना, रस्त्यानं जाणाऱ्याची मान वळली पाहिजे, एवढी एकच अट असे. आणि त्याला कारणही होतं. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. भट्टीवर सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं आणि त्यासाठी मुलूखभर पांगायचं. मी बिहारात गयेला, थोरला भाऊ सेलमला. जन्म तिकडं काढायचा आणि बंगला मात्र गावात बांधायचा. तो बंगला चैत्रात सिद्धनाथाच्या यात्रेला आठ दिवस उघडायचा, बाकी वर्षभर त्याला कुलूप. म्हणजे घरात राहतो कोण, तर पारवे. मग बाहेरची बाजूच तेवढी उरते.

सुहासनं पडदा पुन्हा वळवला.

आमच्या वडिलांनी, दादांनी, गावाच्या तोंडाशी, डांबरी सडकेला लागून चार गुंठे जागा घेऊन ठेवली होती. सडकेकडची बाजू साठ फूट. पंचांनी मधोमध दोरी धरून ती आम्हा दोघांत वाटून दिली. तीस फूट आण्णाचे, तीस माझे, आणि मधल्या रेषेवर प्रत्येकानं आपापली भिंत घालायची. सुहासच्या पडद्यावर आण्णाच्या तीस फुटांवर एक घर उभं होतं. मंगलोरी कौलांचं छप्पर बाहेरच्या अंगाकडून चढत चढत रेषेपर्यंत आलेलं आणि तिथं, जिथं त्यानं पलीकडं उतरायला हवं, तिथं थांबलेलं. खाली पुढच्या सोप्याला काळ्या दगडाची कमान. तीही बाहेरून उठून वर गेलेली, आणि ऐन माथ्यावर, जिथं दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा चावीचा दगड बसतो तिथं, सरळ कापलेली.

मी बराच वेळ बघत राहिलो. पलीकडच्या तीस फुटांवर सुहासनं नुसतं हिरवं गवत काढलं होतं. त्या गवतावर दुसरी अर्धी कमान आणि दुसरं अर्धं छप्पर ठेवलं की साठ फुटांचं एकच घर होत होतं. हे कळायला इंजिनिअर व्हायची गरज नव्हती.

“हे आण्णानं पसंत केलं?”

“चार दावलीत. प्रिंटा घेऊन गेल्यात. सेलमला पोचल्यावर कळवतो म्हणल्यात.”

“ह्योच ठरवंल तो.”

“आसं कसं म्हणता? खरं सांगू का शेट, ते डिझाईन…”

“मी त्याच्या पाठीला पाठ लावून आलेला भाऊ हाय. तू मला शिकवू नगो. माझं दुसरं अर्धं काढ.”

सुहास काहीतरी सांगू बघत होता. आज वाटतं, त्याला बोलू दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच काही भरलं होतं.

आण्णाचा आणि माझा अबोला तीन वर्षांचा होता. आई गेली तेव्हा मी गयेला होतो. तार नाही, फोनच आला, पण गयेहून गावी पोचायला दोन रात्री आणि दीड दिवस. मी उतरलो तेव्हा ओढ्याकाठी राख सावडायचं चाललं होतं. वैशाखातलं ऊन, बर्फाची सोय नाही, भावकीची माणसं घाई करत होती; सगळं मला आज समजतं. तेव्हा समजत असूनही समजून घ्यायचं नव्हतं. सगळ्या गावासमोर मी आण्णाला म्हणालो, “आई तुझ्या एकट्याची हुती काय? मी येईस्तवर थांबला न्हाईस.” आण्णानं राखेचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि तिथून तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मीही काही कमी नव्हतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या घराण्यात नुसता पीळच होता.

तर तो न बोलणारा माणूस आपल्या घराची अर्धी कमान काढून ठेवतो, याचा अर्थ मी लावला तो असा, की बोलता येत नाही म्हणून त्यानं दगडात निरोप धाडलाय. मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या तीन वर्षं धाकटा झालो. फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

“त्याला सांगू नगो,” मी सुहासला म्हणालो.

“शेट, दोन मालक, दोन घरं. त्यांना इचारल्याबिगर मी जोड कसा देऊ? एक फोन करा की.”

“मी फोन करणार न्हाय. आणि तूही करू नगो. मी त्याच्या मागनं चाललोय हे त्याला आधी कळलं तर तो मुद्दाम उलटं करंल. बांधून झाल्यावर बघू दे त्याला. शपथ घे.”

सुहासनं कपाळाला आठ्या घातल्या आणि गळ्याला हात लावला. गिऱ्हाईकापुढं तो बिचारा काय करणार.

त्याच संध्याकाळी देवळासमोर पालखी उठली. गुलालात सगळी भावकी उभी होती, तिथं आण्णा माझ्यापासून दोन हातांवर होता. एरवी मी तोंड फिरवायचो, त्या दिवशी फिरवलं नाही. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं, चपला बघाव्यात तसं, आणि पालखीला खांदा द्यायला पुढं गेला. मला तेवढंही पुष्कळ झालं. मी मंगलला, माझ्या बायकोला, म्हणालो, “पुढच्या यात्रेला बघशील.” ती म्हणाली, “काय बघायचं?” मी सांगितलं नाही.

घरं दोन्ही एकाच वर्षी उठली आणि दोन्ही मालक परमुलखात. आमच्याकडं घर असंच बांधतात, फोनवर. माझ्याकडं दिनकर गवंडी होता. आण्णानं कऱ्हाडचा कुणी ठेकेदार धरला, असं कानावर आलं. दिवाळीच्या पुढं दिनकरचा फोन आला.

“मालक, कमान अर्धी हुबी ऱ्हात न्हाय. कमानीला दोन पाय लागत्यात.”

“दुसरा पाय शेजारी येणार हाय.”

“शेजारी तर सरळ भिंत येतीया.”

“कमान शेवटाला बसवत्यात. तू खाली टेकू दे.”

“लोखंडी पाइप लावतो. पण कवापतुर?”

“यात्रेपतुर.”

मग दिनकर म्हणाला, “मालक, निळ्या काचा आल्यात शेजारी. कौलं न्हाईत.” मी म्हणालो, तुला दिलेलं काम कर, लोकांच्या घरात डोकावू नको. भट्टीपुढं उभा राहून मी हे बोललो. फोन ठेवल्यावर मला खरं काय ते कळलं होतं, पण माणूस स्वतःलाच किती फसवू शकतो याला काही माप नाही. काचा कौलांच्या खाली बसतील, असं मी मनाला समजावलं. गयेत बाजाराच्या गल्लीत आमच्या बोलीत दोन शब्द बोलावेत असं मंगल सोडून कुणी नव्हतं, आणि तिलाही मी हे सांगितलं नव्हतं. पाच महिने मी रोज भट्टी विझली की सुहासनं काढून दिलेलं चित्र उघडायचो. साठ फुटांचं एक घर. सुहासनं माझ्याच सांगण्यावरून दोन्ही अर्धी जोडून ती एक प्रत मला दिली होती. चित्रातल्या सोप्यात त्यानं दोन माणसं खुर्च्या टाकून बसवली होती. त्यांचे चेहरे काही ओळखू येत नव्हते.

चैत्रात आम्ही गावी उतरलो. एसटी सडकेवर थांबली आणि मंगल खिडकीतून बघून म्हणाली, “अगं बाई.”

आण्णाचं घर पुरं झालं होतं. चौकोनी, पांढरं, दोन मजली, निळ्या काचा, स्टीलचे कठडे. रेषेवर सरळ, गुळगुळीत, उंच भिंत. त्या भिंतीला येऊन टेकलेलं माझं कौलारू छप्पर, आणि त्याखाली माझी अर्धी कमान, काळ्या दगडाची, सुबक, माथ्यावर कापलेली, एका गंजक्या पाइपवर तोललेली. सडकेनं जाणाऱ्या प्रत्येकाची मान वळत होती. त्यापरीस उघड्यावर राहिलो असतो तर बरं झालं असतं.

मी पिशव्या सोप्यात टाकल्या आणि त्याच एसटीच्या परतीच्या फेरीनं विट्याला गेलो. सुहास मला बघून उठून उभा राहिला.

“त्यांनी कमान ठरवलीच न्हवती शेट. तेच मी सांगू बघत हुतो. ते डिझाईन त्यांनी सांगितलेलं बी न्हवतं. वडिलांनी जागा घेतल्यावर एकदा हौसेनं साठ फुटांचं चित्र माझ्या बापाकडनं काढून घेतलं हुतं, कागदावर. मी ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि रेषेवर कापून, नमुना म्हणून दावलं. चारातलं एक.”

“आणि आण्णा बघून काय म्हणाला?”

“बघितलं. लई वेळ बघितलं. मग म्हणाले, दुसरं दाव.”

म्हणजे निरोप नव्हताच. वडिलांची हौस आणि सुहासचा आळस, यांच्यातून निघालेली एक अर्धी कमान, आणि तिला मी वर्षभर छातीशी धरून बसलो होतो. त्याहून वाईट म्हणजे आण्णानं ती बघितली होती, बराच वेळ बघितली होती, आणि बाजूला सारली होती. परतताना एसटीत उभ्यानं यावं लागलं. सगळी माणसं ओळखीची होती आणि मी एकाशीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकर राहिलेलं काम बघायला आला होता. मी सोप्यात उभा होतो. सडकेवर ऊन पडलं होतं. तेवढ्यात आण्णा त्याच्या दारातून बाहेर आला. पांढरा सदरा, टोपी, हातात काही नाही. तो सडकेच्या पलीकडं गेला, वळला आणि दोन्ही घरं बघत उभा राहिला. मग सरळ माझ्या दारात आला. पायरीच्या खाली थांबला.

चार वर्षांनी मी त्याचा आवाज ऐकला.

“ही कमान अर्धी का सोडलीस रं, शाजी?”

मला शाजी म्हणणारी दोनच माणसं होती, त्यातली आई गेली होती. नुसतं ‘तुझ्यासाठी’ म्हणायचं होतं. एक शब्द. पण त्याच्या मागं ती पांढरी भिंत होती, आणि दिनकर थापी हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि सडकेवर दोन-चार माणसं रेंगाळली होती. मला वाटलं, हा खिजवायला आलाय. निरोप नाकारायचा आणि वर विचारायला यायचं. मी म्हणालो, “डिझाईनच तसं हाय.”

आण्णानं मान हलवली. “आसं हाय व्हय.”

“हल्ली आसंच करत्यात.”

“बरं दिसतंय,” तो म्हणाला. पण तो गेला नाही. त्यानं पाइपला हात लावून बघितला, हलतोय का. “ह्यो टेकू?”

दिनकरला वाटलं, प्रश्न त्याला आहे. तो माझ्याकडं वळला. “मालक, काय करू? काढायचा म्हणला तर कमान पाडावी लागंल. न्हायतर जोड पायजे. न्हायतर हितं पक्का खांब घेतो.”

“पक्का खांब घे,” मी म्हणालो.

आण्णानं पाइपवरचा हात काढला, सदऱ्याला पुसला आणि आपल्या दाराकडं गेला. यात्रेचे उरलेले सहा दिवस तो त्याच्या पायऱ्यांवर बसायचा आणि मी माझ्या सोप्यात. मध्ये त्याची एक वीट जाडीची भिंत होती. त्याच्याकडं पाहुणे आले की हसणं ऐकू यायचं, आमच्याकडची भांडी त्याला ऐकू जात असतील. दिनकरनं तीन दिवसांत खांब उभा केला आणि आमच्या माणसांनी त्याला पांढरा रंग दिला.

त्यानंतरच्या यात्रांना आम्ही बोललो. म्हणजे, “कवा आलास?”, “उद्या जाणार,” एवढं. अबोला मोडला असं गाव म्हणायला लागलं. पण बोलणं आणि बोलणं यात फरक असतो. मला पुष्कळदा वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, आता इतक्या वर्षांनी काय सांगायचं, हसतील. सांगायला चांगला मुहूर्त शोधत मी बारा यात्रा घालवल्या. तेराव्या यात्रेच्या आधी सेलमहून आण्णा गेल्याचा फोन आला. मी विमान धरून गेलो, त्याच दिवशी. या खेपेला वेळेवर पोचलो, पण आण्णाला आता काही विचारायचं नव्हतं.

गयेची भट्टी मी पोराच्या हवाली केली. मंगल नातवंडांत रमली, ती तिथंच राहिली. “तुमचं गाव तुम्हाला लखलाभ,” असं म्हणून तिनं माझी पेटी भरली. मी एकटा येऊन या घरात राहायला लागलो. कुलपाच्या गावात माझं एकच घर बारमाही उघडं असतं. सकाळी चहा करायचा, सोप्यात बसायचं, सडक बघायची. नव्यानं येणारी माणसं गाडी हळू करून कमानीकडं बघतात आणि पुढं जातात. संध्याकाळी सात वाजता मी आतली कडी लावतो, तोवर दिवसभरात कधी कधी एकही शब्द बोललेला नसतो. दूधवाल्याला पिशवी टांगून ठेवलेली असते.

गेल्या यात्रेला कुसुमवहिनी, आण्णाच्या पत्नी, एकट्याच आल्या. पोरांना सुट्टी मिळाली नाही म्हणे. त्यांनी घर उघडलं, झाडून घेतलं आणि दुपारी माझ्याकडं आल्या. मी चहा टाकला. त्यांनी कपात बघत बघत विचारलं, “भावजी, एक इचारू? ही कमान खरंच आशीच काढायची हुती?”

मी बहात्तर वर्षांचा. लपवण्याजोगं आता काय उरलंय? मी सगळं सांगितलं. सुहासचा पडदा, गवत, शपथ, चित्र, सगळं. वहिनी ऐकत होत्या. मध्येच त्यांनी कप खाली ठेवला.

“ह्यांनी बी ते चित्र घरी आणलं हुतं,” त्या म्हणाल्या. “सेलमला. मला दावलं. म्हणाले, कुसुम, दादांच्या मनातलं घर हाय हे. पण शाजी काय दुसरी अर्धी बांधायचा न्हाय. मग ही अर्धी घिऊन मी रस्त्यावर हसं करून घिऊ का? म्हणून मग काचंचं घेतलं.”

मी माझाही कप खाली ठेवला.

“आणि यात्रेला आलो, तर तुमची कमान हुबी. हे रातभर झोपले न्हाईत. सारखं म्हणायचं, शाजीनं माझ्यासाठी ठेवली आसंल का? मी म्हणलं, जाऊन इचारा की, त्यात काय. सकाळी गेले.” वहिनींनी पदरानं नाक पुसलं. “आले ते म्हणाले, न्हाय गं. डिझाईनच तसं हाय म्हणाला.”

“भिंत झाली हुती वहिनी. काचा बसल्या हुत्या. तेव्हा सांगून काय झालं आसतं?”

“भिंतीचं काय घिऊन बसलाय. ह्यांनी कऱ्हाडच्या ठेकेदाराला यात्रा उठंस्तवर गावातच ठिवून घेतला हुता. त्यो म्हणत हुता, शेट, माझं काम झालंय, मला जाऊ द्या. तर हे म्हणाले, जरा थांब. धाकटा काय म्हणतोय बगतो. त्यानं हो म्हणलं तर सडकंकडची बाजू पाडायची हाय.”

“माझं ऐकल्यावर बी त्याला जाऊ दिला न्हाय?”

“न्हाय. सहा दिवस. खांब रंगवून झाला, मग त्याला जा म्हणाले.”

चहा निवला होता. वहिनी कप विसळायला आत गेल्या. मी बाहेर सोप्यात आलो आणि आण्णा ज्या पायरीखाली उभा राहिला होता तिथं जाऊन उभा राहिलो. सडकेवर कुणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, “तुझ्यासाठी ठेवली हुती, आण्णा.” आतून वहिनींनी विचारलं, “मला काय म्हणालासा का?” मी म्हणालो, नाही.